अण्णांचा स्वभाव बदलला. आत्मा बदलला का?

मेंदूच्या आजारांविषयी या सदरात मागच्या अंकात जे लिहिले होते, त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून पत्रे आली. पत्रे निरनिराळ्या घरांतली असली तरी बहुतेकांचा रोख एकच आहे. माणूस म्हणजे केवळ त्याचा मेंदू काय, आणि तसे असेल तर आत्म्याचे काय समजायचे, असे वाचक विचारत आहेत. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रांत घरच्या गोष्टी असल्यामुळे नावे छापलेली नाहीत आणि पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : आमचे अण्णा आयुष्यभर यंत्रमागावर होते. कारखान्यात किंवा घरात त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डोक्यात, कपाळामागच्या भागात रक्तस्राव झाला. शस्त्रक्रिया झाली आणि जीव वाचला. पण घरी आलेला माणूस वेगळाच आहे. आईला घालूनपाडून बोलतात, नातवाच्या ताटातले उचलून खातात, रागावले की मराठी सोडून तेलुगूत शिव्या देतात. काल घरी कोण येऊन गेले ते त्यांना आठवत नाही, पण लहानपणी मला खांद्यावर बसवून सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला नेले होते ते मात्र बारकाव्यांनिशी सांगतात. धाकटा भाऊ म्हणतो, “हे आपले अण्णा नव्हेतच.” आई म्हणते, “आत्मा तोच आहे रे, शरीर आजारी आहे.” कोणाचे खरे मानायचे?
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : आपल्या पत्रातील एक प्रसंग मी वरच्या संक्षेपात घेतलेला नाही, कारण त्याचा विचार उत्तरातच करायचा आहे. त्याआधी वैद्यकाला जे खात्रीने सांगता येते ते सांगतो.

कपाळामागे असलेला मेंदूचा पुढचा भाग माणसाला आवर घालणारा भाग आहे. ओठांवर आलेला शब्द थांबवणे, समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज घेणे, आत्ताच्या इच्छेपेक्षा उद्याचे हित मोठे मानणे, ही कामे मुख्यतः त्या भागाच्या भरवशावर चालतात. त्याला इजा झाली तर भाषा, हिशेब आणि जुन्या ओळखी शाबूत राहूनही संयम तेवढा निघून जाऊ शकतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातले आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना झालेल्या स्फोटात फिनिअस गेज या पंचविशीतल्या मुकादमाच्या डाव्या गालातून एक मीटरहून थोडी लांब आणि सहा किलो वजनाची लोखंडी पहार शिरली आणि डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो जगला, चालूबोलू लागला. परंतु पूर्वी समंजस आणि कामाला चोख असलेला हा माणूस उद्धट आणि लहरी झाला, आणि त्याच्या ओळखीचे लोक म्हणू लागले की हा आता गेज राहिलेला नाही. आपल्या धाकट्या भावाच्या तोंडी जे वाक्य आले ते एवढे जुने आहे.

भावाला असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल त्याला कठोर ठरवू नये. नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मेंदूच्या व मज्जासंस्थेच्या तीन वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांच्या नातेवाइकांना विचारले होते की, तुमचा माणूस तुम्हाला अजून तोच वाटतो का. ज्यांची स्मृती गेली होती किंवा ज्यांचे स्नायू लुळे पडले होते त्यांच्यापेक्षा, ज्यांच्या वागण्यातला चांगुलपणा गेला होता ते रुग्ण घरच्यांना अधिक परके वाटत होते. म्हणजे आपण दुसऱ्या माणसाची ओळख मनात साठवतो ती मुख्यतः त्याच्या माणुसकीच्या खुणांवरून, आणि अण्णांच्या बाबतीत घाव नेमका त्या खुणांवर पडला आहे.

आता काल आलेला पाहुणा आठवत नाही आणि गड्डा आठवतो, याविषयी. नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या, अनेकदा उजळलेल्या आठवणी टिकून राहतात, हा क्रम तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच मांडला होता. आठवण एकदा घडली की एका कप्प्यात कायमची पडून राहते असे नसते. ती मुरायला काळ लागतो, आणि मुरलेली आठवण मेंदूच्या बाह्य थरात इतकी पसरलेली असते की एका ठिकाणच्या इजेने ती सहसा पुसली जात नाही.

आणि आता तो प्रसंग. आपण लिहिले आहे की, घरात मागासाठी कांड्या (सुताच्या नळ्या) भरताना धागा तुटला तेव्हा शेजारी बसलेल्या अण्णांनी काही न बोलता तो हातात घेतला, दोन्ही टोके अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून एका वळशात गाठ मारली, वर आलेले टोक नखाने तोडले आणि धागा परत दिला. हे करताना त्यांचे डोळे खिडकीबाहेर होते. हा प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबलो. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूतून, फेफरे थांबावे म्हणून, दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा भाग काढून टाकण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्याच्या मनात नवी घटना टिकली नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला शिकवली. दरवेळी तो म्हणे की हे मी आयुष्यात कधी केलेले नाही, आणि दरवेळी त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चाले. हाताचे शिकणे मेंदूच्या निराळ्या भागांत, निराळ्या मार्गाने साठते. अण्णांच्या त्या गाठीत त्यांचे यंत्रमागावरचे सगळे आयुष्य आहे, आणि ते अजून त्यांच्यापाशी आहे. तेव्हा ‘हे अण्णा नव्हेतच’ असे म्हणणे मला मान्य नाही. त्यांचा एक मोठा भाग हरवला आहे, सगळे अण्णा हरवलेले नाहीत.

आईचे म्हणणे अधिक खोल आहे आणि त्याला उत्तरही तेवढ्याच गांभीर्याने दिले पाहिजे. पाश्चात्त्य परंपरेत विचार करणारा, आठवणारा, इच्छा करणारा तोच आत्मा, अशी समजूत दीर्घकाळ होती. त्यामुळे मेंदूच्या इजेने विचार आणि इच्छा बदलतात हे दिसताच तिथे आत्म्याची कल्पनाच अडचणीत आली. आपल्याकडील सांख्य आणि वेदान्त या दर्शनांना ती अडचण येत नाही, कारण त्यांनी मन, बुद्धी आणि अहंकार यांना आत्म्यात धरलेलेच नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या बाजूला, काय काय मोडते त्याची यादी आहे. तिच्यात केवळ पंचमहाभूते आणि इंद्रिये नाहीत. इच्छा, द्वेष, सुख, दुःख, चेतना आणि धृती हीही त्याच यादीत आहेत. त्या हिशेबाने अण्णांचा राग आत्म्याचा नव्हे, आणि पहार असो की रक्तस्राव, आत्म्याला त्याचा स्पर्श होत नाही. आईंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे.

पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. राग जर क्षेत्रातला, तर अण्णांचा पूर्वीचा शांतपणाही क्षेत्रातलाच. आपल्याला खांद्यावर घेऊन सिद्धेश्वराच्या यात्रेतली गर्दी ओलांडणारी माया, ती आठवण आणि ‘हा माझा मुलगा’ ही ओळखसुद्धा क्षेत्रातली. जो आत्मा बदलला नाही असे आई म्हणतात, त्याच्यावर अण्णांचे असे काहीच लिहिलेले नाही. अद्वैताच्या मते तर तो अण्णांचा, आपला आणि माझा एकच आहे. म्हणून आत्मा अविनाशी आहे या विधानाला विज्ञान धक्का लावू शकत नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की आपल्याला ज्या अण्णांची ओढ आहे ते त्या विधानाने परत मिळत नाहीत. स्वभाव, आठवण, माया आणि ओळख या अर्थाने विचाराल तर माणूस मेंदूच्या आधारानेच उभा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूच्या आधाराने असणे याचा अर्थ सुधारणा होत नाही असा नाही. गेज पुढे दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि कित्येक वर्षे घोडागाडी हाकत होता. हे काम शिस्तीचे, वेळा पाळण्याचे आणि प्रवाशांशी नीट वागण्याचे आहे. रोजच्या बांधीव दिनक्रमाने त्याला सावरले असावे, असा अलीकडच्या अभ्यासकांचा तर्क आहे. अण्णांच्या दिवसालाही तशी चौकट द्या. जेवण, फिरणे, झोप यांच्या वेळा ठरवा, आणि कांड्यांचे काम त्यांच्या हाती रोज ठेवा. शिव्या सुरू झाल्या की त्या वेळी वाद घालू नये, खोली किंवा विषय बदलावा. मेंदूविकारतज्ज्ञांना वागणुकीतील बदल सविस्तर सांगावेत, कारण चिडचिडीवर उपयोगी पडणारी औषधे असतात आणि घरचे लोक संकोचाने ती बाजू सांगतच नाहीत.

प्रश्न : उपनिषदांत आत्मा हृदयात सांगितला आहे, आयुर्वेदातही तसेच आहे. आधुनिक डॉक्टर मेंदू मेंदू म्हणतात. आपल्या पूर्वजांना मेंदू माहीतच नव्हता काय?
— एक ज्येष्ठ वाचक, साखर पेठ

उत्तर : माहीत होता, आणि त्याबद्दल त्यांच्यात मतभेदही होते. सुश्रुतसंहितेत हृदय हे चेतनेचे स्थान आहे. चरकसंहितेतही हृदयाला तो मान आहे. पण त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, जिथे प्राण आणि सर्व इंद्रिये आश्रयाला आहेत ते उत्तमांग म्हणजे शिर, असेही म्हटले आहे. भेलसंहिता हा आयुर्वेदाचा आणखी एक जुना ग्रंथ तर मनाची जागा डोके आणि टाळू यांच्या मध्ये सांगते. प्रश्न आपल्या वैद्यांनी एकदाच मिटवून टाकलेला नव्हता, तो त्यांच्यासमोर जिवंत होता, आणि मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो.

इतरत्रही असेच घडले. इजिप्तमध्ये मृतदेह जतन करताना हृदय जपून देहात ठेवत आणि मेंदू नाकावाटे काढून टाकत. ॲरिस्टॉटलच्या मते जाणिवेचे केंद्र हृदय होते आणि मेंदूचे काम रक्त थंड करण्याचे. त्याच्या आधीच्या हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य मात्र सुख, दुःख आणि वेड ही मेंदूतूनच येतात असे सांगत होते. दुसऱ्या शतकात गेलन या रोमन काळातील वैद्याने डुकराच्या गळ्यातील बारीक मज्जातंतू बांधून दाखवला. प्राण्याचे ओरडणे तत्काळ थांबले, तो जिवंत आणि सावध असूनही. आवाजाची आज्ञा छातीतून येत नाही, मेंदूकडून खाली उतरते, हे त्यातून दिसले.

हृदयाला हा मान का मिळाला ते समजण्यासारखे आहे. भीती वाटली की छाती धडधडते, मेंदूत काहीच जाणवत नाही, कारण मेंदूला स्वतःला वेदनेची जाणीव नसते. परंतु ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले, ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले, आणि शुद्धीवर आलेला माणूस दरवेळी आपल्याच बायकामुलांना ओळखत होता. १९८२ मध्ये बार्नी क्लार्क नावाचा रुग्ण तर यंत्राच्या हृदयावर ११२ दिवस जगला आणि त्या काळात तो बार्नी क्लार्कच होता. याच्या उलट मेंदू बदलता आला असता, तर शुद्धीवर आलेल्या माणसाने कोणाचे नाव सांगितले असते, हे आपणच ठरवावे.

मेंदूतही आत्म्यासाठी एक ठराविक आसन शोधण्याचा प्रयत्न झाला. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पिनियल ग्रंथीला तो मान दिला, कारण बाकीचे भाग जोडीने आहेत आणि ही एकटी आहे. १६४३ मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी त्याला पत्रातून विचारले की, ज्याला आकार नाही, वजन नाही, असा आत्मा शरीराला ढकलतो तरी कसा? देकार्तला याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. ती ग्रंथी झोपेच्या वेळा सांभाळणारे मेलॅटोनिन तयार करते, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या शहरात जैन समाज मोठा आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. जैन दर्शनाने आत्म्याला एका अवयवात बसवलेच नाही. आत्मा देहाएवढा असतो, देहभर व्यापून असतो, असे ते सांगते. जागा शोधण्याच्या या सगळ्या खटाटोपात मला ही भूमिका वेगळी आणि विचारपूर्वक वाटते, कारण बोटाला टाचणी लागली की दुःख बोटातच होते, डोक्यात होत नाही. वैद्यक या अनुभवाचे स्पष्टीकरण मेंदूतील देहाच्या नकाशावरून देते, हे खरे. पण जाणीव देहभर पसरलेली वाटते, हा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही.

प्रश्न : मेंदू म्हणजे केवळ रेडिओ संच आहे आणि आत्मा म्हणजे प्रक्षेपण, असे का मानू नये? संच बिघडला म्हणून आकाशवाणी केंद्र बंद पडत नाही.
— विज्ञानाचे एक शिक्षक, बार्शी

उत्तर : हा युक्तिवाद मोठमोठ्यांनी केलेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात याच धर्तीवर मांडले होते की, मेंदू जाणीव निर्माण करत नसेल, केवळ वाहून आणत असेल. शक्यता म्हणून ती नाकारता येत नाही. पण आपणच दिलेले उदाहरण जरा ताणून पाहू. संच बिघडला की खरखर होते, आवाज कमी होतो, कधी सगळेच बंद पडते. सोलापूर केंद्रावरून बाजारभाव सांगितले जात असताना संचातील एक तार निघाली, म्हणून ज्वारीचा भाव बदलून ऐकू येत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते, मजकूरच बदलतो.

काप्ग्रा यांच्या नावाने ओळखला जाणारा एक विकार आहे. त्यात रुग्णाची नजर चांगली असते, चेहरा तो बरोबर ओळखतो, बोलणे सुसंगत असते. पण समोर बसलेली आपली पत्नी खरी नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच बाई घरात आली आहे, असे तो ठामपणे सांगतो. इथे आवाज स्पष्ट आहे, बातमी बदलली आहे. चेहरा पाहिल्यावर जो आपलेपणा दाटून यायला हवा तो मेंदूतील मार्ग तुटल्यामुळे येत नाही आणि मन त्या उणिवेचा अर्थ लावून मोकळे होते, असे त्याचे मानले गेलेले स्पष्टीकरण आहे.

याहून विचार करायला लावणारे प्रयोग रॉजर स्पेरी यांचे आहेत, ज्यांसाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्ध जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापण्यात आला होता. हे लोक पुढे नेहमीसारखे जगत होते. बोलताना कुणाच्या लक्षातही येत नसे. मात्र मायकेल गझानिगा यांनी अशा एका रुग्णाच्या डाव्या अर्धाला कोंबडीचा पाय आणि उजव्या अर्धाला बर्फात बुडालेले घर दाखवले आणि समोरच्या चित्रांतून जुळते चित्र उचलायला सांगितले, तेव्हा उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडे, कारण मेंदूचा प्रत्येक अर्ध विरुद्ध बाजूचा हात चालवतो. फावडे का, असे विचारल्यावर, बोलण्याचे काम करणाऱ्या आणि बर्फ मुळीच न पाहिलेल्या डाव्या अर्धाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की, कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच. प्रक्षेपण एकच असेल, तर एक पट्टा कापल्याने एकाच कवटीत दोन श्रोते कसे तयार झाले? आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या कृतीची कारणे इतक्या सहज कशी रचतो? हे उत्तर रुग्णाने खोटेपणाने दिलेले नव्हते. आपण सगळेच आपल्या वागण्याची कारणे बऱ्याच वेळा अशीच मागाहून जुळवत असतो.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो मी लपवणार नाही. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांतील जवळजवळ ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आहेत, आणि जन्मतः लहान मेंदू नसलेली माणसेसुद्धा सापडली आहेत, जी अडखळत का होईना चालतात, बोलतात आणि जाणिवेने जगतात. म्हणजे पेशींची संख्या ही जाणिवेची किल्ली नव्हे. विद्युतस्पंदनांतून लाल रंगाचा किंवा दातदुखीचा अनुभव का उमटतो, याचे उत्तर आजही कोणाकडे नाही. १९९८ मध्ये ख्रिस्तोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेचा मेंदूतील नेमका ठसा सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी पैज हरल्याचे जाहीरपणे मान्य केले. विद्यार्थ्यांना हेही जरूर सांगावे. मात्र अनुभव का होतो हे न उलगडल्यामुळे स्वभाव आणि स्मृती मेंदूबाहेर राहतात असे सिद्ध होत नाही, ही मर्यादाही त्यांना सांगावी.

प्रश्न : मृत्यूच्या क्षणी वजन २१ ग्रॅमने कमी होते, हे खरे काय? मोबाइलवर असा संदेश फिरतो आहे.
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : नाही. डंकन मॅकडुगल या अमेरिकी डॉक्टरने मरणासन्न रुग्णांना खाटेसह तराजूवर ठेवून घेतलेली मोजमापे १९०७ मध्ये छापली होती. रुग्ण सहाच होते, त्यांतल्या दोघांची मापे त्याने स्वतःच बाद केली, उरलेल्यांची एकमेकांशी जुळली नाहीत. २१ ग्रॅम हा आकडा केवळ पहिल्या रुग्णाचा आहे. ज्या दर्शनांनी आत्मा मानला त्यांनी तो तोलता येईल असे मानलेले नाही, त्यामुळे श्रद्धेलाही या आकड्याची गरज नाही.

प्रश्न : सात वर्षांत शरीरातील प्रत्येक पेशी बदलते म्हणतात. मग मी दहावीच्या वर्गात होते तीच मुलगी आज आहे, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : सात वर्षांचा आकडा चुकीचा आहे. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, आतड्याचे अस्तर काही दिवसांत बदलते. पण मेंदूच्या बाह्य थरातील चेतापेशी आपल्याइतक्याच वयाच्या असतात. हे कळले तेही विलक्षण मार्गाने. १९५० आणि १९६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि नंतर तो हळूहळू कमी झाला; त्या चढउताराची नोंद त्या त्या काळी जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत राहिली. स्वीडनमधील संशोधकांनी २००५ मध्ये तिच्यावरून पेशींचे वय काढून दाखवले.

मात्र पेशी जुन्या असल्या तरी त्यांच्यातील बहुतेक रेणू सतत बदलत असतात, म्हणून आपला प्रश्न पुरता सुटत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दिले की ज्याला पूर्वीची कृती स्वतःची म्हणून आठवते तो तोच माणूस. हे उत्तर आकर्षक आहे, पण ते अपुरे आहे. आपल्याला आपले पहिले वर्ष आठवत नाही, म्हणून पाळण्यातले मूल दुसरे कोणी होते असे आपल्या आईला कोणी पटवू शकणार नाही. न्यायदर्शन या आपल्याकडील तर्कप्रधान दर्शनाने उलट दिशेने युक्तिवाद केला. जे मी डोळ्यांनी पाहिले त्यालाच मी आता हाताने स्पर्श करत आहे, अशी जोड लावणारा कोणीतरी एक असलाच पाहिजे, कारण डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि हाताला रूप दिसत नाही. तो एक म्हणजे आत्मा. नैयायिकांनी प्रश्न अचूक पकडला होता. ती जोड लावण्याचे काम मेंदूतील मार्ग करतात हे आज दाखवता येते, आणि ते मार्ग तुटले की जोडही तुटते, हे वर आपण पाहिले. माझ्या मते आपण दहावीतली तीच मुलगी आहात, कारण त्या मुलीपासून आजपर्यंत देह, सवयी, आठवणी आणि नाती यांची साखळी कुठेही पूर्ण तुटलेली नाही. त्यांतील कोणतीही एक कडी एकटी पुरेशी नाही.

प्रश्न : पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णीजवळ माझ्या धाकट्या दिरांना अपघात झाला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचे सांगितले. घरच्यांच्या संमतीने त्यांची मूत्रपिंडे आणि यकृत दान केले. परंतु त्या वेळी त्यांचे अंग गरम होते, छाती हलत होती, आणि मी हात धरला असता बोटे हललेली मला जाणवली. त्यांचा आत्मा देहातच होता आणि आम्ही जिवंत माणसाला देऊन टाकले, असे जाऊबाई आता रात्रंदिवस म्हणत असतात. त्यांना काय सांगू?
— एक भगिनी, होटगी रस्ता

उत्तर : ताई, आपण आणि जाऊबाईंनी जे केले ते जिवंत माणसाला देऊन टाकणे नव्हते, हे मी पूर्ण विचाराने आणि खात्रीने लिहीत आहे.

हृदय मेंदूच्या आज्ञेवर चालत नाही. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात स्वतःचा ठोका देणारी पेशींची गाठ असते आणि प्राणवायू मिळत राहिला तर शरीराबाहेर काढलेले हृदयसुद्धा काही काळ धडधडते. छाती हलत होती ती कृत्रिम श्वासयंत्रामुळे, आणि रक्त फिरत होते म्हणून अंग गरम होते. श्वासाची प्रेरणा मात्र मेंदूच्या देठातून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागातून, येते, आणि जागेपण राखणारे जाळेही त्याच देठात आहे. तो देठ मृत झाला की श्वास आणि शुद्ध दोन्ही कायमची जातात.

बेशुद्धीतून माणसे परत येतात, मग हे कसे ठरवले, अशी शंका जाऊबाईंच्या मनात असणार आणि ती योग्य आहे. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पूर्ण प्रतिसादहीन दिसणाऱ्या एका तरुणीला मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात ठेवून, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर, असे सांगितले, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखाच भाग उजळला. ती आत होती. पण तिचा मेंदूदेठ जिवंत होता, ती स्वतः श्वास घेत होती. म्हणूनच कायद्याने हे दोन प्रकार कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ मेंदूदेठाची तपासणी करते. बुबुळांवर प्रकाश टाकतात, डोळ्याला कापूस लावतात, कानात थंड पाणी घालतात, आणि शेवटी प्राणवायू चालू ठेवून श्वासयंत्र थांबवतात. रक्तात कर्बवायू वाढत असताना एकही श्वास घेतला जात नाही ना, हे पाहतात. किमान सहा तासांनी हे सगळे पुन्हा करतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील डॉक्टर या मंडळात नसतात.

आत्मा त्या वेळी कुठे होता, हे कोणताही कायदा किंवा तपासणी सांगत नाही. ज्यांनी अंत्यविधी केले त्या गुरुजींना हे जरूर विचारावे; जाऊबाईंना त्यांच्या शब्दांनी अधिक आधार मिळेल. मला एवढेच सांगता येते की ऐकणारे, ओळखणारे, दुखणे जाणवणारे आपले दीर त्या खाटेवर राहिलेले नव्हते आणि शस्त्रक्रियेत त्यांना कोणतीही वेदना झालेली नाही. बोटे हलली हा आपला भास नव्हता. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू मेंदूशिवायही काही काळ स्वतःच्या प्रतिक्षिप्त क्रिया करत राहतो. स्पर्शाने बोटे वळतात, क्वचित हातही उचलला जातो. हे डॉक्टरांनी आपल्याला आधी सांगायला हवे होते.